चोराला बंद, मदतीलाही बंद

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दोनशे वर्षं उलटून गेली, अक्षर अजून वाचता येतं. त्याच शहरात रात्री नऊ वाजता एखाद्या निवासी इमारतीचा नंबर रस्त्यावरून वाचून दाखवा.

नाही जमणार.

नंबर नसतो असं नाही. असतो, पण क्लासच्या जाहिरातीखाली, बोगनवेलीमागे, नाहीतर पिवळ्या भिंतीवर पिवळ्याच रंगात. शिवाय तमिळनाडूतल्या शहरांत तो बरेचदा एकटा येत नाही. पालिकांनी नवे क्रमांक दिले, लोकांनी जुने सोडले नाहीत. म्हणून पत्त्यात दोन आकडे: ओल्ड नंबर आणि न्यू नंबर. रोजच्या पोस्टमनला दोन्ही पाठ असतात. पहिल्यांदाच येणाऱ्या १०८च्या ड्रायव्हरने काय करायचं?

पुणेकरांनी हसू नये. पेठांतले घरक्रमांक कोणत्या क्रमाने पुढे जातात, हे तिथे जन्मलेल्यालाही सांगता येत नाही. मुंबईकरांनीही हसू नये. एकाच रस्त्यावर दोन ‘साई कृपा’ असतात आणि दोन्हींचे वॉचमन ‘पुढची असेल’ म्हणून हात दाखवतात.

पिनकोड दिला तो एका मराठी माणसाने. डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ६१३००१ लिहिलं की पत्र तंजावरात पोहोचतं. पण पिनकोड शहर शोधून देतो, दार नाही.

मग मे २०२५मध्ये डिजिपिन आला. दहा अक्षरांचा कोड, सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. काम चांगलं आहे. पण तळमजल्यावरच्या आजोबांचा आणि चौथ्या मजल्यावरच्या बाळंतिणीचा चौकोन एकच! तिथून पुढे वाट दाखवणार कोण? दारावरचा आकडाच.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या अग्निसुरक्षा संहितेत हे एका कलमात संपतं. आकडा किमान चार इंच उंच, रेघ अर्धा इंच जाड, रंग भिंतीच्या उलट, आणि रस्त्यावरून दिसेल अशा जागी. यात तंत्रज्ञान कुठे आलं? रंगाचा एक डबा आणि एक ब्रश लागतो. आपल्याकडे बिल्डरचं नाव पुरुषभर उंच असतं आणि फ्लॅटचा नंबर नखाएवढा.

बिल्डरला शोधत कुणी मध्यरात्री येत नाही.

आता जिन्यात या. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांना १०० युनिट वीज मोफत मिळते. पण सप्टेंबर २०२२मध्ये जिना, पंप, लिफ्ट अशा सामायिक वापराला वेगळा दर लागला: युनिटला आठ रुपये. ओरड झाली. २०२३च्या अखेरीस तो साडेपाच रुपयांवर आला, तोही दहापर्यंत घरं, तीनपर्यंत मजले आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींपुरता. घरातला दिवा मोफत आणि जिन्यातला महाग? ज्या दिव्यावर सगळ्यांची सुरक्षितता अवलंबून, त्याच्यावरच वाढीव दर लावणं चूक होतं.

पण सरकारवर बोट ठेवून आपली सुटका होत नाही. हिशेब करा. नऊ वॅटचा एलईडी, रोज बारा तास, महिनाभर: सव्वातीन युनिट. आठ रुपयांचा दर धरला तरी २६ रुपये. चाहूल लागली की पेटणारा सेन्सर बसवला तर त्याहून कमी. एवढ्यासाठी जिना अंधारात ठेवणारी कमिटी सभेतल्या समोशांवर किती खर्च करते?

अंधाराचा फायदा चोराला होतो, हे सगळे सांगतात. त्याच अंधारात शेवटची पायरी चुकून आजी पडते, तिचं मांडीचं हाड मोडतं, आणि त्याची तक्रार कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही.

दिव्याचे पैसे नसलेल्या इमारतीतही कॅमेरे असतात. आठ कॅमेरे, एक मॉनिटर, बाहेर मोठा बोर्ड. चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग काढलं की दिसते एक करडी सावली. तिला पकडायला पोलिसांनी कुठे जायचं? उजेड नसेल तर चेहरा कळत नाही. दाराच्या पीपहोलचंही तेच. बाहेर काळोख असेल तर त्या भिंगातून काळोखच दिसतो.

दाराकडे वळू. बाजारातलं सर्वांत महाग कुलूप आणायचं आणि ते पोकळ फ्लश डोअरला लावायचं, ही आपली रीत. चोर कुलपाशी झटत बसत नाही. तो चौकटीत पहार घालतो, कारण कुलपाची जीभ ज्या पट्टीत शिरते ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर उभी असते. बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्याही बाहेरच. आधी भरीव दार, मजबूत चौकट, लांब स्क्रू. कुलपाचा नंबर त्यानंतर.

तंजावरच्या जुन्या पूर्व वेशीजवळ, कीळवासलला, नायक राजांच्या काळातली राजगोपाल तोफ आहे. घडीव लोखंडाची, सुमारे २२ टनांची. शत्रूला बाहेर रोखायला ती योग्यच होती. पण किल्ल्यातल्या माणसाला वेढा सोसायचा असतो. आग लागलेल्या घरातल्या माणसाला बाहेर पळायचं असतं.

आपण घराचा किल्ला करतो. आत दार, त्यापुढे जाळीचं दार, त्यापुढे जिन्याला कोलॅप्सिबल गेट, आणि चारही खिडक्यांना वेल्डिंग केलेलं ग्रिल. रात्री आतून कुलूप, किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला. गच्चीच्या दाराला कुलूप, त्याची किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी गावाला.

धूर किल्लीची वाट बघत नाही.

तंजावर जिल्ह्याला हे कुणी शिकवायला नको. १६ जुलै २००४, कुंभकोणम. स्वयंपाकाच्या जागेतली आग वरच्या झापाच्या छपराला लागली, वाट अरुंद, ९४ मुलं गेली. ती शाळा होती, घर नव्हतं. पण धुराला शाळा आणि घर यांतला फरक कळत नाही, आणि बाहेर पडायच्या वाटेचा नियम दोन्हीकडे एकच हवा.

नियम आहेत. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडण्याच्या वाटेवरचं दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे, असं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं प्रमाणपत्र कधीचं? विचारा. उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते तेही बघा.

सुरक्षा म्हणजे परक्याला बाहेर ठेवणं, एवढाच अर्थ आपण घेतला. तो अर्धाच आहे. आपला माणूस झटकन बाहेर पडला पाहिजे आणि मदत झटकन आत आली पाहिजे, हा उरलेला अर्धा. त्याला पैसे कमी लागतात. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

म्हणून पुढच्या सभेत भाषणं नकोत, परीक्षा घ्या. कधीही न आलेल्या ओळखीच्या माणसाला फक्त पत्ता द्या, रात्री दहाला बोलवा आणि फोनवर वाट सांगू नका. तो न विचारता तुमच्या दारापर्यंत आला पाहिजे. मग घरातले दिवे घालवा आणि दहा वर्षांच्या मुलाला, अर्थात तुम्ही शेजारी उभं राहून, सगळी दारं उघडत खाली जायला सांगा. त्याला कुठेही किल्ली मागावी लागता कामा नये.

यात जी सोसायटी नापास होईल, तिने नववा कॅमेरा घेऊ नये. आधी बल्ब घ्यावा.