कुंझुम उघडला का गं?

"अगं, कढीपत्ता तोड हवा तेवढा, पण आधी सांग, तुम्ही जूनमध्ये काश्मीरला निघालात म्हणे?"

"काश्मीर कुठलं काकू, स्पिती. हिमाचलात. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय कुणी? परवा तुझ्या नवऱ्यानं गाडीला नवे टायर घालून आणले, काल गच्चीवर स्वेटर वाळत होते. साताऱ्यात, ऐन मे महिन्यात! गल्लीला काय डोळे नाहीत?"

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या काकू पोस्टातून निवृत्त झाल्यात. नोकरीत लोकांची पत्रं उघडता आली नाहीत, त्याची वसुली आता चालू आहे, असं आमचे हे म्हणतात. पण काकूंची बातमी कधी खोटी निघत नाही. पत्ता, पिनकोड तपासूनच ती भिंतीवर येते.

"मनालीवरून जाणार असाल तर आत्ताच सांगते, नको."

"का हो?"

काकूंनी रस्त्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ते कोपऱ्यावरच्या बंगल्यातले गेले होते ना. जवळचा रस्ता म्हणून मनालीवरून निघाले. अटल बोगदा नऊ किलोमीटरचा, तो सुळकन पार. साहेब खूश. पण मनाली दोन हजार मीटरवर आणि कुंझुमची खिंड साडेचार हजारांच्या वर! एका दिवसात एवढं चढल्यावर व्हायचं तेच झालं. लोसर येईस्तोवर साहेबांचं डोकं ठणकायला लागलं, बाईंना उलट्या. रात्रभर दोघं बसून. आणि फेसबुकावर फोटो काय टाकावेत? 'स्वर्ग, स्वर्ग' म्हणे!"

"आम्ही सिमल्यावरून जाणार आहोत काकू. सिमला, नारकंडा, रामपूर, मग कल्प्याला दोन रात्री. समोर किन्नौर-कैलास दिसतो. तिथून नाको, ताबो आणि मग काझा. लांब पडतं, सिमल्याहून काझा चारशे किलोमीटरच्या वर आहे. पण उंची हळूहळू वाढत जाते, शरीराला सवय होते. शिवाय हा रस्ता शक्यतो वर्षभर चालू असतो. कुंझुम मात्र हिवाळाभर बर्फाखाली. बर्फ काढल्यावरच उघडतो. कधी मे संपताना, कधी जून निम्मा गेल्यावर."

"म्हणजे तुम्ही जाल तेव्हा उघडा असेल की बंद, ते देवालाच ठाऊक."

"देवाला आणि रस्ता साफ करणाऱ्यांना."

"मग जुलैत जा की. पोरांच्या शाळेचं काय ते बघता येईल."

"जुलैत किन्नौरात पाऊस सुरू होतो, दरडी कोसळतात. खुद्द स्पितीत पाऊस नावालाच. ढग अलीकडच्या डोंगरांवर रिकामे होतात."

"आपल्या माण-खटावसारखं की गं!"

"तस्संच. फक्त माणमध्ये रात्री पाणी गोठत नाही."

काकू हसल्या, पण तपास संपला नव्हता. त्यांचा भाचा मित्रांबरोबर बुलेटवरून जाऊन आलाय. त्यामुळे त्यांना नाकोच्या पुढचा मलिंग नाला आपल्या ओढ्याइतका पाठ. "तो म्हणतो, दुपारी तिथं पोचलो तर नाला रस्त्यावरून वाहत होता. पाणी गढूळ, खाली दगड किती मोठा तेच दिसेना. पुढच्या जीपचा ड्रायव्हर उतरला, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायानं दगड चाचपत पलीकडे गेला. परत आला तेव्हा पाय लालभडक. मग कुठं जीप घातली. भाच्याला त्यानं एकच वाक्य सुनावलं, दुपारी कशाला येता?"

"बरोबर आहे. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर नाल्यांना पाणी वाढतं. सकाळी त्याच नाल्यात निम्मंसुद्धा नसतं. म्हणून रोज उजाडताच निघायचं आणि चारच्या आत मुक्कामाला टेकायचं, असं ठरवलंय."

"तुझा नवरा उजाडताच उठणार?" काकूंनी हे जरा मोठ्यांदा विचारलं. आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

मग काकूंनी सामान काढायला लावलं. पेट्रोल? रेकाँग पिओच्या खाली टाकी भरायची, स्पितीत भरवशाचा पंप म्हणजे काझ्याचा. पैसे? रोख, कारण एटीएममध्ये नोटा असतीलच असं नाही. उंचीवरच्या गोळ्या? डॉक्टरांना विचारूनच, शेजाऱ्यांना विचारून नाही. हे ऐकून काकूंनी नाक मुरडलं. चिवड्याचे पुडे न्यायला हरकत नाही, पण वर हवेचा दाब कमी, पुडे टम्म फुगतात, एखादा फुटतोसुद्धा. डब्यात भरलेला बरा. पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, म्हणून डाळ कुकरशिवाय शिजत नाही.

"आणि ते ग्यू गाव? तिथं म्हणे मेलेल्या लामाचे केस वाढतात?"

"तसं तिथले लोक सांगतात. बसलेल्या स्थितीतली लामाची ममी आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची. 1975 च्या भूकंपानंतर सापडली."

"पाचशे वर्षं बसून! आमच्या पोस्टमास्तरांनासुद्धा जमलं नाही."

ताबोचा मठ 996 साली बांधलेला, हे सांगितल्यावर मात्र काकू गप्प झाल्या. हजार वर्षांच्या मातीच्या भिंती, बाहेरून बघितलं तर एखाद्या जुन्या वाड्याची मागची बाजू वाटावी. आत अंधार. डोळे सरावले की भिंतीभर चित्रं दिसू लागतात आणि डोक्याच्या वर, भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती. आत फोटो काढायचा नाही, त्यामुळे माणसं खरोखर बघतात.

"आणि हिक्कीम?" काकूंनी शेवटी मनातलं बोलून टाकलं.

मला अंदाज होताच. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस 1983 मध्ये सुरू झालं, उंची साधारण 4,400 मीटर. जगात सगळ्यात उंच म्हणून त्याची ख्याती. तिथली टपाल पिशवी पायी काझ्याला उतरायची. पर्यटक येतात, पोस्टकार्ड टाकतात, फोटो काढतात.

"फोटो नको मला. माझ्या नावानं एक कार्ड टाक. शिक्का पूर्ण उमटलाय का ते बघ, अर्धवट असेल तर दुसरा मारून माग. आणि पिनकोड लिही, नाही तर तिथल्या माणसाला उगाच ताप. थंडीत बर्फात बसून काम करायचं, म्हणजे काय गंमत आहे?"

"लिहिते. आणि लांगझ्याला पोरं दगडात गोठलेले शंख विकायला आणतात, ते काही आणणार नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, त्याच्या त्या खुणा. तिथंच राहिलेल्या बऱ्या."

"नकोच. तुझ्या शोकेसमध्ये आहे तेच पुसायला तुला वेळ नसतो." काकूंनी कढीपत्त्याची आणखी एक डहाळी माझ्या हातात कोंबली आणि खरा मुद्दा काढला. "आता माझं ऐक. इथून चंदीगडच अठराशे किलोमीटरच्या आसपास. तुझ्या नवऱ्यानं कागदावर दिवस अन् दिवस भरून ठेवला असणार, मला माहिताय. त्यातले दोन दिवस कोरे ठेवायला सांग. डोकं दुखलं तर एक दिवस पडून राहायचं, आणि तरीही उतरलं नाही तर खाली यायचं. कुंझुम उघडला असेल तर मनालीकडून उतरा. नसेल उघडला, तर काझ्यात रुसून बसू नका, गेल्या वाटेनंच परत या. तोच डोंगर दुसऱ्या बाजूनं दिसेल, पैसे फुकट जात नाहीत."