लाउंज-प्रवेश : स्वरूप, नियम आणि वसुली

भारतातल्या हॉटेलांना तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. एका ताऱ्यापासून सुरू होणारी ही चढण ‘पंचतारांकित डीलक्स’ या पायरीवर संपते आणि मिळालेले तारे दर पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे लागतात. सहाव्या-सातव्या ताऱ्याची सरकारदरबारी नोंद नाही. त्यामुळे पंचतारांकित हॉटेलात उतरलेल्या माणसापुढे एक पेच उभा राहतो: शेजारच्या खोलीत उतरलेलाही पंचतारांकितच असतो. एवढे पैसे मोजून शेवटी सगळे सारखेच, ही भावना झोपेला फार घातक. तिच्यावर उपाय म्हणून हॉटेलांनी वरच्या एखाद्या मजल्यावर एक दालन काढले, त्याला दार बसवले आणि ते दार ठरावीक पाहुण्यांच्याच कार्डाने उघडेल अशी सोय केली. यालाच क्लब लाउंज, एक्झिक्युटिव्ह लाउंज किंवा मोघमपणे नुसते लाउंज म्हणतात. त्याचे मुख्य घटक म्हणजे दार, दारापाशी हसून उभा असलेला कर्मचारी आणि आत मांडलेले खाणे. महत्त्वाचा क्रमही हाच.

लाउंज-प्रवेशासह मिळणारी खोली तशी इतर खोल्यांसारखीच असते. पलंग तोच, गादी तीच, न्हाणीघरातल्या बाटल्याही त्याच. फार तर मजला वरचा आणि कॉफीचे यंत्र जरा बरे. फरक जाणवतो तो लिफ्टमध्ये. कार्ड टेकवल्याशिवाय त्या मजल्याचे बटण लागत नाही, आणि मधल्या मजल्यांवर उतरणारी मंडळी ते लागताना पाहत असतात. मुंबईत या भेदाला वडिलोपार्जित म्हणावी अशी परंपरा आहे. अपोलो बंदरावरचे ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले आणि त्याच्या शेजारी टॉवर उभा राहिला तो १९७३ मध्ये. तेव्हापासून ‘ताजला उतरलो होतो’ एवढे सांगून भागत नाही. ‘पॅलेसमध्ये की टॉवरमध्ये?’ असे विचारणारा कोणीतरी निघतोच. असा प्रश्न निर्माण करण्यासाठी तेव्हा वीस-बावीस मजले बांधावे लागले. लाउंजने तेच काम एका दारात केले.

प्रवेश मिळवण्याचा पहिला मार्ग पैशाचा. साध्या खोलीच्या भाड्यापेक्षा क्लब खोलीचे भाडे जास्त असते आणि तो फरक म्हणजे लाउंजची किंमत. हा फरक दिवसागणिक, हंगामागणिक आणि लग्नाच्या मुहूर्तागणिक बदलतो. त्यावर कर असतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. लाउंज असलेल्या हॉटेलात ७,५०० च्या आतली खोली शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. समजा फरक ५,००० रुपयांचा आला, तर करासह तो ५,९०० होतो. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पाहुणा तो विसरत नाही. मुक्काम संपेपर्यंत त्याच्या प्रत्येक घासामागे हाच आकडा उभा असतो.

दुसरा मार्ग निष्ठेचा. मोठ्या हॉटेल-साखळ्या वर्षभरात काढलेल्या रात्री मोजून पाहुण्याला दर्जा बहाल करतात. मॅरियटच्या योजनेत १० रात्रींना सिल्व्हर, २५ रात्रींना गोल्ड आणि ५० रात्रींना प्लॅटिनम मिळते. लाउंजचे दार उघडते ते प्लॅटिनमपासून. सिल्व्हर आणि गोल्ड या पायऱ्या माणसाला दाराची दिशा कळावी म्हणून आहेत. पुढे ७५ आणि १०० रात्रींचेही दर्जे आहेत, पण तिथवर पोचलेल्या माणसाची विचारपूस हॉटेलपेक्षा घरच्यांनी केलेली बरी. आणि दर्जा आला म्हणून सगळीच दारे उघडतात असे नाही. त्याच साखळीच्या रिट्झ-कार्लटनमध्ये, ज्यातले एक पुण्यात येरवड्याला आहे, प्लॅटिनम सभासदालाही क्लब लाउंज आपोआप मिळत नाही. पन्नास रात्री घराबाहेर काढलेल्या माणसाला बाहेर ठेवणारे दार ज्याच्या मालकीचे, त्याचा मान अर्थातच मोठा.

वर्षाला पन्नास रात्री हॉटेलात काढणारा माणूस बहुधा स्वखर्चाने झोपत नाही. बिल कंपनी भरते, पाठ नोकरदाराची दुखते आणि गुण पाठीच्या मालकाच्या खात्यात जमा होतात. ही श्रमविभागणी इतकी समाधानकारक आहे की तिच्याविरुद्ध कोणत्याही युनियनने आजवर आवाज उठवल्याचे दिसत नाही. रात्रींची मोजणी मात्र १ जानेवारीला शून्यावर येते. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. कोथरूडला स्वतःचे तीन खोल्यांचे घर असलेला गृहस्थ दोन रात्री कमी पडतात म्हणून हिंजवडीच्या हॉटेलात उतरतो. सोबत लॅपटॉप, एक सदरा आणि बायकोने विचारलेल्या ‘तिकडे अंघोळ तरी कराल ना?’ या प्रश्नाचे तुटक उत्तर असते. हे दोन रात्रींचे पैसे तो खिशातून भरतो. वर्षभर कंपनीच्या पैशाने जमवलेला दर्जा निसटू नये म्हणून केलेला हा एकमेव प्रामाणिक खर्च होय.

लाउंजचा दिनक्रम सर्वत्र साधारण सारखा असतो. आल्याआल्या खालच्या रांगेत उभे न राहता वर बसून चेक-इन, सोबत ओला सुगंधी टॉवेल. सकाळी न्याहारी. दुपारी चहा, त्याबरोबर केकचे चौकोनी तुकडे आणि कडा कापलेले सँडविच. काही ठिकाणी दिवसाला दोन कपड्यांना इस्त्री आणि तासाभरासाठी बैठकीची खोली. ही खोली मागणारा पाहुणा दुर्मीळ, इस्त्रीसाठी तिसरा कपडा घुसवणारा सर्वत्र आढळतो. पण दिवसाचा कळस म्हणजे संध्याकाळचे दोन तास, बहुधा सहा ते आठ. या वेळात मद्य आणि त्यासोबतचे खाणे ‘मोफत’ असते. मोफत या शब्दाभोवतीची अवतरणे वर सांगितलेल्या ५,९०० रुपयांची आहेत.

सहाला पाच मिनिटे कमी असताना दालनात जी शांतता असते ती अभ्यासण्यासारखी आहे. सगळे मोबाइल पाहत असतात. बुफेच्या टेबलाकडे कोणीही पाहत नसतो. कर्मचारी स्टीलची झाकणे पुसतो. सहा वाजता पहिले झाकण उघडते, तरी दोन मिनिटे कोणी उठत नाही, कारण पहिला उठणारा भुकेला ठरतो. तिसऱ्या मिनिटाला एक ज्येष्ठ नागरिक ‘जरा बघतो काय आहे’ असे पुटपुटत उठतात आणि मग रांग लागते. टेबलावर दोन बोटांत मावणारा वडापाव असतो, त्याच्या डोक्यावर बांबूची काडी, आणि लसणाच्या चटणीचा एक लाल ठिपका बशीवर, पावापासून सुरक्षित अंतरावर. शेजारी हमुस, गाजराच्या उभ्या फोडी, ऑलिव्ह, चार प्रकारचे चीज आणि दुपारच्या पनीरशी जवळचे नाते सांगणारी एक टिक्की. बशी मुद्दाम लहान दिलेली असते. त्यामुळे पाहुण्याला सहा खेपा घालाव्या लागतात आणि चौथ्या खेपेपासून तो कर्मचाऱ्याची नजर टाळू लागतो. अन्न वाचवण्याची इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही. खाणावळीतल्या पोळ्यांच्या संख्येवर चिडणारा माणूस इथे लाजेने स्वतःच आवरते घेतो.

वसुलीचे गणित कसे करावे, याविषयी मतभेद आहेत. एक पंथ बाजारभाव धरतो आणि निराश होतो. दुसरा पंथ हॉटेलच्याच मेन्यूतला भाव धरतो. या पंथाचा आधारग्रंथ म्हणजे जुलै २०१९ मधले ते बिल: चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात अभिनेते राहुल बोस यांना दोन केळ्यांचे ४४२ रुपये ५० पैसे पडले, त्यात १८ टक्के कर होता. ताज्या फळांवर कर नसताना तो लावला म्हणून कर खात्याने त्या हॉटेलला २५,००० रुपये दंड केला. केळ्याच्या भावाला मात्र कोणी हात लावला नाही. लाउंजच्या टोपलीतले केळे या हिशेबाने २२१ रुपये २५ पैशांचे ठरते आणि ५,९०० वसूल करायला दोन माणसांत सत्तावीस केळी पुरतात. पाण्याचेही तसेच. छापील किमतीपेक्षा जास्त दराने बाटलीबंद पाणी विकण्याची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालाने आहे, कारण गिऱ्हाईक तिथे नुसते पाणी घेत नाही, बसण्याची जागा आणि सेवाही घेते. लाउंजमधून खोलीत नेलेली प्रत्येक बाटली म्हणून जमेच्या बाजूला धरतात. बाटल्या दोनच न्याव्यात असा संकेत आहे. तो पाळणाऱ्याची नोंद नाही.

मद्याच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या लाउंजला एक अधिकचे गांभीर्य आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. हा परवाना प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी दिला जातो, आणि कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे संध्याकाळी सहा ते आठ या वेळात काचेच्या भिंतीआड बसलेले ते सगळे लोक, कायद्याच्या दृष्टीने, औषधोपचार घेत असतात. आठला दहा कमी असताना दोन-दोन मात्रा एकदम मागवण्याची पद्धतही याच दृष्टीने समजून घ्यावी. २ ऑक्टोबरला उपचार बंद असतात. त्या संध्याकाळी लाउंजमध्ये चक्क संभाषण ऐकू येते.

खरी कसोटी कुटुंबासोबतच्या मुक्कामात लागते. बहुतेक योजनांत प्रवेश सभासदाला आणि त्याच्या सोबतच्या एका पाहुण्याला असतो, आणि मराठी सहल दोघांची क्वचितच असते. गोव्याला निघालेल्या गाडीत सभासद, त्याची पत्नी, दोन मुले आणि आई-वडील असतात. लहान मुलांना संध्याकाळच्या मद्याच्या वेळी अनेक ठिकाणी मज्जाव असतो. मग पाळ्या लागतात. ‘आई, तुम्ही आणि बाबा आधी जाऊन या, आम्ही मुलांना बघतो,’ असे सून म्हणते. यातल्या सौजन्याला किंमत आहेच, पण सभासदाशिवाय कार्ड चालत नसल्याने मुलाला आईबरोबर एकदा, वडिलांबरोबर एकदा आणि पत्नीबरोबर एकदा असे तीनदा आत जावे लागते, आणि तिन्ही वेळा ‘तू काहीच खात नाहीस’ हे ऐकून घ्यावे लागते. आई लाउंजमध्ये बसत नाहीत. त्या कागदी रुमालात चार काजू आणि केकचा तुकडा बांधून नातवंडांसाठी आणतात. ‘स्मार्ट कॅज्युअल’ या वेशनियमात खोलीतल्या पांढऱ्या सपाता बसत नाहीत, हे बाबांना दारात कळते.

लाउंजमधल्या समाजाचे वर्णन करायला जुन्या लग्नातला जानवसा आठवावा. वरपक्षाचे पोहे आणि मांडवातले पोहे एकाच कढईतले. तरी जानवशात वेगळ्या ट्रेमधून आले की त्यांना मान यायचा. खालच्या रेस्टॉरंटमध्ये आणि वरच्या लाउंजमध्येही इडली एकाच भटारखान्यातून येते. खाली तिचे पन्नास पदार्थ सोबती असतात, वर बारा. तरीही वर बसणारा खाली जाऊन डोसा खायला धजत नाही, कारण त्याला खाली पाहिले तर लोक काय म्हणतील. कर्मचारी त्याला आडनावाने हाक मारतो, आणि ‘गुड मॉर्निंग, मिस्टर जोशी’ या चार शब्दांसाठी माणूस कुरकुरीत डोसा सोडतो.

दर्जा वाटताना हॉटेलांचा हात सैल सुटला की दालन भरते. विमानतळांवर हे आधीच घडले. बँकांनी कार्डामागे लाउंज फुकट दिले, गेटपेक्षा लाउंजबाहेरची रांग लांब झाली, आणि मग बँकांनी तिमाहीत अमुक इतका खर्च केल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम घातला. हॉटेलांतही सुट्टीच्या दिवशी खुर्ची धरून ठेवायला एक सदस्य पुढे पाठवावा लागतो. गर्दीतून सुटका म्हणून घेतलेल्या जागेत गर्दी झाली, ही तक्रार करायला जो तो व्यवस्थापकाकडे जातो, आणि तिथेही रांग असते.

निघताना उशिरा, म्हणजे प्लॅटिनम सभासदाला बहुतेक ठिकाणी दुपारी चारपर्यंत, खोली सोडता येते. त्यामुळे आणखी एक चहा पदरात पडतो. बिलावर लाउंजचा उल्लेख कुठेही नसतो. कार्यालयात हिशेब देताना अकाउंट्सवाला विचारतो, ‘साहेब, रात्रीच्या जेवणाचं बिल?’ बिल नसते, कारण जेवण चार वडापाव आणि चीजवर झालेले असते. पण दैनिक भत्त्याला बिल लागत नाही. भत्ता मंजूर होतो, गुण जमा होतात आणि हॉटेलकडून अभिप्रायाचा मेल येतो: शून्य ते दहा या प्रमाणात आपला मुक्काम कसा वाटला? पाहुणा सहा गुण देतो आणि खाली लिहितो की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिक्की थंड होती. हॉटेल दिलगिरी व्यक्त करून त्याच्या खात्यात आणखी थोडे गुण टाकते.