मवाळ पोलाद

रत्नागिरीच्या घराच्या खिडक्यांना ग्रिल बसवायला आलेल्या फॅब्रिकेटरला मी विचारलं, "स्टीलच आहे ना रे?" तो म्हणाला, "नाही काका, लोखंड आहे. स्टील पायजे तर रेट वेगळा." आणि बिलावर त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'एम.एस. ग्रिल'. आता एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील. पण मी वाद घातला नाही, कारण आपण सगळे हेच करतो. मराठी घरात स्टील म्हणजे फडताळातली नावं घातलेली भांडी. कपाट लोखंडी, कॉट लोखंडी, ट्रंक पत्र्याची. ही सगळी ज्या पोलादाची, त्याला घरात कोणी त्याच्या नावाने हाक मारत नाही.

खरं लोखंड बघायचं तर आयफेल टॉवरपाशी जावं लागेल. तो 1889 साली पूर्ण झाला तो घडीव लोखंडाचा. पण त्याआधीच, 1856 मध्ये, इंग्लंडात बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून त्यातला कार्बन जाळून टाकायची युक्ती काढली होती. पोलाद स्वस्त झालं आणि लोखंडाची जागा हळूहळू त्याने घेतली. नाव तेवढं जुनंच राहिलं.

माइल्डला मी मवाळ म्हणतो. लोखंडातला जहालपणा सगळा कार्बनचा. बिडाच्या तव्यात तो शेकडा तीनच्या आसपास असतो. आंबोळी त्यावर झकास सुटते, पण तवा हातून निसटला तर तो तरी जातो नाहीतर फरशी तरी. (आमच्याकडे एकदा दोन्ही गेली.) कोयत्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर. लोहार तो बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवतो आणि तापवून पाणी देतो, म्हणून त्याला धार राहते. एमएसमध्ये मात्र कार्बन पाव टक्काही नसतो. त्याला लालबुंद करून पाण्यात बुडवा, तो जवळजवळ नुसता गार होतो. राग धरायला आत काही नाही!

पण हाच याचा गुण. पोळीचा पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, फुटत नाही. एमएसचा बार ताणला तर तुटण्याआधी पाचवा हिस्सा सहज लांबतो, म्हणजे मोडण्यापूर्वी सांगून ठेवतो. 1907 साली सुरतेला काँग्रेस मोडली तेव्हा एवढी लवचिकता मवाळ आणि जहाल दोन्हीकडे नव्हती. मोटारीचं दार ज्या पत्र्यातून दाबून काढतात, त्यात तर कार्बन एक दशांश टक्क्याहूनही कमी. म्हणून तो साच्यात खोल ओढला तरी फाटत नाही, आणि म्हणूनच रिक्षा नुसती घासून गेली तरी पोचा पडतो. वेल्डिंगलाही हा सोयीचा: आधी तापवायचे लाड नाहीत, टाका मारला की धरला.

फॅब्रिकेटर कटरने बार कापत होता तेव्हा ठिणग्या लांबलचक, सरळ रेषेत उडत होत्या. मग त्याने गंमत म्हणून एक जुनी कानस चाकावर टेकवली. लगेच फुलबाजी! कार्बन जास्त की ठिणगीला फाटे जास्त. वजनाचं गणितही त्याला तोंडपाठ. बारा मिलिमीटरचा गोल बार असेल तर बाराचा वर्ग करायचा, 162 ने भागायचं: मीटरला 889 ग्रॅम. मी मोबाइल काढेपर्यंत त्याचं उत्तर तयार होतं.

एक खोड मात्र आहे. मवाळ माणूस मनातल्या मनात झुरतो, तसा हा गंजतो, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात तर फार लवकर. रेड ऑक्साइड लावून घ्या, असं त्याने जाताना दोनदा सांगितलं होतं. मी दिवाळीनंतर बघू म्हणालो. दिवाळ्या दोन झाल्या.

तुमच्याकडेही असं 'लोखंड' असेल तर पावसाआधी घासून घ्या, रेड ऑक्साइडचा एक हात मारा, त्यावर ऑइल पेंट. आणि खालच्या पट्टीची मागची बाजू विसरू नका. पाणी तिथेच साचतं.