सात पायऱ्यांत हिरवे घर, हिरवा धंदा
नवशिक्यांसाठी, राहनाळ आवृत्ती

ज्यांचे घर आणि धंदा एकाच छताखाली आहे आणि दोन्ही पर्यावरणपूरक करण्याची इच्छा ज्यांना नुकतीच झाली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. उदाहरणादाखल राहनाळ घेतले आहे. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने काशेळी, काल्हेर करत अंजूर फाट्याकडे निघालात की हे गाव लागते. डावीकडे गोदामे, उजवीकडे गोदामे, मधून कंटेनर आणि वर मेट्रो ५. यंत्रमागांची खडखड सुरू झाली की भिवंडी आली म्हणायचे. इथे जो हिरवा होऊन दाखवील, तो कुठेही होईल.

धंदा कापडी पिशव्या शिवण्याचा धरला आहे. कापड भिवंडीतच विणले जाते, शिवता येणारी बाई घरात असते आणि २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढल्यापासून या धंद्यात पैशाबरोबर थोडे पुण्यही मिळते.

पायरी १: खरेदी करा

हिरवे होण्याची सुरुवात खरेदीने करावी, अशी रीत आहे. बांबूचा टूथब्रश, तांब्याची बाटली आणि ‘पृथ्वी वाचवा’ छापलेला टी-शर्ट मोबाइलवरून मागवा. राहनाळकरांसाठी खास सूचना: तुमचा ब्रश कदाचित तुमच्या मोरीच्या भिंतीपलीकडच्या गोदामातच पडलेला असेल. तरी तिकडे मागायला जाऊ नये, वॉचमन हाकलून देईल. ब्रशने आधी खोक्यात बसायचे, खोक्याने टेम्पोत बसायचे, टेम्पोने ट्रॅफिकमध्ये बसायचे आणि मग सगळ्यांनी फिरून तुमच्या दारी यायचे, हाच शिस्तीचा मार्ग आहे.

जुना प्लॅस्टिकचा ब्रश मात्र टाकू नका. मशीनच्या दात्यांखाली आणि बॉबिन केसमध्ये साचलेली रुई काढायला त्याच्यासारखे हत्यार नाही.

पायरी २: खोके जिरवा

पहिल्या पायरीमुळे घरात पुठ्ठा जमला असेल. त्याचे दोन उपाय आहेत. एक, भंगारवाला. तो किलोवर पैसे देतो, कागदाच्या गिरणीपर्यंत माल पोचण्याची सोय करतो आणि हे सर्व तो कुठलाही टी-शर्ट न घालता करतो. दुसरा, खत. भाजीची देठे आणि साले नुसती बादलीत भरली तर चौथ्या दिवशी शेजारी बोलायचे बंद होतात. ओल्या कचऱ्याला कोरड्याची जोड लागते. सुका पाला नसेल तर पुठ्ठा फाडून थरावर थर द्या. आधी चिकटपट्टी आणि गुळगुळीत लॅमिनेशन काढायला विसरू नका. बादलीला भोके पाडा, आठवड्यातून एकदोनदा ढवळा. वास येत असेल तर पुठ्ठा कमी पडला आहे. राहनाळमध्ये तो कमी पडण्याचे काही कारण नाही.

पायरी ३: लाइटबिल वाचा

भिवंडीत महावितरणच्या वतीने वीज वितरणाचे काम २००७ पासून टोरंट पॉवरकडे आहे. लाइटबिल आले की सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघून ओरडण्याची पद्धत आहे. त्या आकड्याच्या आसपास ‘युनिट’ असाही एक आकडा असतो, तो शोधा.

मग मशीनखाली वाकून मोटर बघा. जुनी क्लच मोटर असेल, तर बटण चालू केल्यापासून ती फिरतच राहते. तुम्ही धागा ओवत असा, चहा पीत असा किंवा शेजारणीच्या सुनेचा विषय चालू असो, ती थांबत नाही. सर्वो मोटर पायाखालचे पॅडल दाबले की फिरते, सोडले की थांबते. ज्या घरात शिवण्यापेक्षा गप्पा जास्त, त्या घराची बचतही जास्त. डोक्यावरचा जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला दहा तास पंखा लागत असेल तर महिन्याला १३ युनिटे वाचली. यात पुण्य दिसत नाही, फोटोही काढता येत नाही, म्हणून ही पायरी बहुतेक लोक गाळतात.

पायरी ४: सूर्याला घरी बोलवा

पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या संचाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्यावरच्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. चांगल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतो. अट एवढीच, की छत तुमचे हवे. चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये राहत असाल तर आधी गच्चीवरच्या पापडांच्या, टाक्यांच्या आणि डिश अँटेनांच्या मालकांची सभा घ्यावी लागेल. तिथे निर्माण होणारी ऊर्जा अजून कुणाला साठवता आलेली नाही.

बॅटरी नसलेला साधा संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवतात. हे आधीच सांगितले, नाहीतर पहिल्याच लोडशेडिंगला तुम्ही पॅनेल बसवणाऱ्याची आई-बहीण काढाल. आणि कंटेनरांची धूळ पॅनेलवरून पुसत जा.

पायरी ५: कापड ओळखा

‘शंभर टक्के कॉटन’ असे दुकानदार म्हणाला की दोन सूत मागून घ्या आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. भिवंडीच्या मागांवर दोन्ही विणले जाते, मिश्रणही विणले जाते, त्यामुळे राखेत मणी सापडला तर आश्चर्य मानू नका. बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी दाबून बनवलेली रंगीत पिशवी तर बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सरळ प्लॅस्टिकची असते.

सावधान: हा प्रयोग गोदामाच्या भिंतीशी करू नये. या पट्ट्यात कुठल्या शटरआड रसायनांची पिंपे आहेत ते कधीकधी अग्निशमन दलालाही आग लागल्यावरच कळते.

पायरी ६: हिशेब करा

इथवर पिशवी शिवून झाली असेल. आता वाईट बातमी. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला साधी सुती पिशवी, फक्त हवामानाचा विचार केला तर, किमान ५२ वेळा वापरली पाहिजे. पाणी, खते आणि बाकीचे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. रोज बाजारात नेली तरी साडेएकोणीस वर्षे. म्हणजे आज दुसरीतल्या बंड्याच्या हातात जी पिशवी दिली, त्याच्या लग्नातल्या भाजीलाही तीच हवी.

प्लॅस्टिकवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. त्या हिशेबात उघड्यावर फेकलेल्या पिशव्या धरलेल्या नाहीत. डेन्मार्कच्या नाल्यांत त्या अडकत नसतील. भिवंडीच्या कामवारी नदीच्या काठाने फिरून आलेला माणूस तो रकाना कोरा सोडणार नाही.

पायरी ७: गिऱ्हाईक गमवा

आता नवशिक्याला धंद्याचे मूळ दुखणे कळते. पिशवी खरोखर हिरवी व्हायची तर ती वीस वर्षे टिकली पाहिजे. ती वीस वर्षे टिकली तर गिऱ्हाईक वीस वर्षे परत येत नाही. म्हणून हुशार उद्योजक पिशवीचे बंद कच्चे शिवतो, दर हंगामाला नवे चित्र छापतो आणि लग्न, वास्तुशांत, नगरसेवकाचा वाढदिवस अशा ऑर्डरी घेतो. परिणामी प्रत्येक घरात दाराच्या खुंटीला एक मोठी पिशवी लटकते आणि तिच्यात बाकीच्या पिशव्या असतात. त्या सगळ्या पर्यावरणपूरक असतात आणि भाजीवाल्याकडे गेल्यावर त्यातली एकही जवळ नसते.

यातून सुटायचे तर पिशवीऐवजी तिचे वय विका. बंद दुहेरी शिलाईने लावा, तुटला तर लावून द्या. कापड न घेता नुसत्या धाग्यावर चालणारी कामे वाढवा: चेन बदलणे, फॉल-पिको, अल्टर, जुन्या साड्यांच्या गोधड्या. नवा कपडा न घेता जुना आणखी दोन वर्षे अंगावर राहिला, तर तेवढा कापूस, तेवढे पाणी आणि तेवढी मागावरची वीज वाचली. या कामाला अनुदान मिळत नाही. पण दिवाळीच्या आधी रांग लागते, आणि तुटलेली चेन घेऊन आलेले गिऱ्हाईक पुढच्या खेपेला दुसरी तुटलेली चेन घेऊन परत येते.

दारावर पाटी लावा: ‘येथे जुने शिवून मिळेल. नवी पिशवी हवी असल्यास आधी घरातल्या मोजून यावे.’ पाटीसाठी फ्लेक्स छापू नये. खोक्याचा पुठ्ठा पुरतो.