कंठमाइक-मीमांसा

ज्ञानकोशकार केतकरांच्या २३ खंडांत गळ्याच्या माइकची नोंद नाही. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या पुढ्यात याहून निकडीचे विषय होते. पण नंतरच्या विद्वानांचे काय? ते समासांवर भांडले, ऱ्हस्व-दीर्घावर भांडले, आणि ज्या यंत्रापुढे अर्धी वर्णमाला गारद होते त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. म्हणून प्रस्तुत मीमांसा.

आधी क्षेत्रनिश्चिती. एअरसॉफ्ट हा लुटुपुटीच्या लढाईचा खेळ मूळचा जपानचा. तिथे खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक बंधने आहेत, पण हौस काही कायद्याने मरत नाही. तेव्हा हुबेहूब दिसणाऱ्या आणि ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुका निघाल्या. टोकियो मारुई या कंपनीने १९९१मध्ये बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ देशोदेशी पसरला. इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी चांगली पोटापाण्याला लागलेली माणसे रानात झुडपाआड पालथी पडलेली आढळतात, ती याच पंथाची. छर्रा लागला की ज्याला लागला त्यानेच हात वर करून ‘हिट’ असे ओरडायचे आणि मरायचे. पेंटबॉलसारखा रंगाचा डाग मागे राहत नाही, त्यामुळे मृत्यू सर्वस्वी मृताच्या सचोटीवर अवलंबून असतो. या पंथात शिरलेला माणूस आधी बंदूक घेतो, मग बूट, मग सिनेमात पाहिलेले बाकी सगळे. गळ्याचा माइक या ‘बाकी सगळ्या’त येतो.

आमचा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. संशोधनाची सामग्री त्याने आणि त्याच्या दोन मराठी मित्रांनी फोनवरून पुरवली.

उपकरणाचे वर्णन असे: मानेला मागून कवटाळणारी लवचीक पट्टी, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन चकत्या, कानात जाणारी वेटोळ्यांची पारदर्शक नळी, बोटाला बांधायचे बटण, आणि या सगळ्याची वायर कमरेच्या वॉकीटॉकीत. चकत्या हवेतला आवाज ऐकत नाहीत, कातडीची थरथर ऐकतात. सैल बसवल्या तर त्यांना काही कळत नाही. घट्ट बसवल्या तर बोलणे स्वच्छ जाते आणि आवंढा अडकतो. म्हणजे वाणी आणि गिळणे यांचे प्रमाण व्यस्त आहे.

पूर्वपक्ष असा की उपकरण गुणी आहे. छर्ऱ्यांपासून दात वाचवायला खेळाडू तोंडावर जाळीचा मुखवटा लावतात, त्यात तोंडासमोरचा दांडीचा माइक अडचण करतो. बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवला की ती दांडी हटकून वाकडी होते. गळ्याच्या माइकला ना दांडी, ना तोंडाची गरज. वारा आणि धावताना लागलेली धापही त्याला फारशी ऐकू जात नाही. हे सगळे मान्य.

आता उत्तरपक्ष, आणि त्यासाठी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि सोव्हिएत रणगाड्यांतले सैनिक आणि अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतले वैमानिक, अशी कुठल्याही बाबतीत एकमत नसलेली मंडळी गळ्याला हीच पट्टी बांधून लढली. अमेरिकी पट्टीचे नाव टी-३०. कारण एकच: इंजिनाचा गडगडाट. शेजारच्याचे ओरडणे ऐकू येत नाही अशा ठिकाणी हवेकडे पाठ फिरवणारा माइकच कामाचा. थोडक्यात, हे यंत्र कोलाहलासाठी जन्मले. आणि आमचा भाचा ते कुठे वापरतो? पानांची सळसळ आणि कबुतरांचे घुमणे यापलीकडे आवाज नसलेल्या रानात. कशासाठी? कुजबुजण्यासाठी!

इथे मीमांसेचा गाभा आहे. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत. नुसती हवा फुसफुसत वर येते आणि तिचे शब्द जीभ, दात नि ओठ करतात. गळ्याला कान लावून बसलेल्या माइकच्या पदरात त्यातले जवळजवळ काहीच पडत नाही. शत्रूला कळू नये म्हणून जितके हळू बोलावे तितके ते मित्राला कळत नाही. म्हणून आवाज चढवावा, तर शत्रूला मुळी रेडिओच लागत नाही. या बंदुकांची लढाई फार तर पन्नास-साठ मीटरांवरून चालते. तेवढ्या अंतरावर मराठी माणसाचे साधे बोलणे दोन्ही सैन्यांना फुकट पोचते.

पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने सांगितली आहेत: छाती, कंठ, मस्तक, जिभेचे मूळ, दात, नाक, ओठ आणि टाळू. माइकवाल्यांनी त्यांतले एक निवडले आणि बाकी सातांना वाऱ्यावर सोडले. शाळेत आपण व्यंजने कठोर आणि मृदू अशी शिकलो. मृदू व्यंजनात कंठ घुमतो, म्हणून ते पट्टीतून बरे पार होते. कठोरांची, म्हणजे क, च, ट, त, प, स आणि त्यांच्या भावंडांची, धुळधाण उडते. त्यात मांसातून जाताना आवाजाचा वरचा पट्टाही गळतो, आणि ‘स’-‘श’ तर राहतातच तिथे.

याचा परिणाम पहा. मित्राने विचारले, ‘‘शत्रू किती?’’ भाचा म्हणाला, ‘‘पाच.’’ पलीकडे पोचले ‘‘आ.’’ सात म्हणाला असता तरी ‘‘आ’’, आणि आठ म्हणाला असता तरी ‘‘आ’’. दोन आणि नऊ मात्र खणखणीत जातात. तेव्हा शहाण्या सेनापतीने एक तर दोन शत्रूंवर चालून जावे, नाहीतर नऊंवर. नावांचेही तेच. सतीशचा ‘अई’ होतो. गजानन मात्र अखंड गजानन राहतो. तिघांपैकी एक सतीश आहे. त्याला आता रानात बंडू म्हणतात.

मराठीतच का बोलायचे, अशी शंका कोणी काढील. ब्रिटनमध्ये विनापरवाना वापरायच्या वॉकीटॉकीला ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास १६ चॅनेल आहेत आणि ताकद अर्ध्या वॅटची. जो ते चॅनेल लावील त्याला सगळे ऐकू येते. (अनेकांच्या कमरेला असतो तो बाओफेंग यूव्ही-५आर या नियमात बसत नाही, त्याची ताकद जास्त आणि अँटेना सुटी. त्यावर एफएम रेडिओही लागतो, आणि माझ्या मते त्याचा तोच सर्वांत निरुपद्रवी उपयोग आहे.) तेव्हा गुप्तलिपी म्हणून मायबोली.

पण मायबोलीचाही एक घात आहे. बटण दाबायला उशीर झाला की वाक्याचे डोके उडते, सोडायची घाई झाली की शेपूट. इंग्रजी नकार पुढे उभा राहतो, म्हणून ‘डोन्ट मूव्ह’ची ‘मूव्ह’ होते: उशिराने इंग्रज मरतो. मराठी नकार शेवटी येतो, म्हणून आपण घाईने मरतो. बंडूने कळवले, ‘‘पुढे येऊ नको,’’ आणि ‘नको’च्या आधीच बोट उचलले. भाच्याला ऐकू आले, ‘‘पुढे येऊ?’’ घरचे संस्कार चांगले. तो म्हणाला, ‘‘ये ना!’’ आणि स्वागताला उभा राहिला. तिथेच तो वारला.

बटणाचा हा जाच नको म्हणून काहीजण आवाजाने आपोआप चालू होणारी सोय वापरतात. तिच्यात वाक्याचा आरंभ तर कापला जातोच, शिवाय खोकला, हसणे आणि आवंढा हेही प्रक्षेपित होतात. यातून धर्मशास्त्राचा प्रश्न उभा राहिला. मेलेल्याने बोलू नये, रेडिओवरही नाही, असा खेळाचा दंडक आहे. भाचा मरून मैदानाच्या कडेला थर्मासातला चहा पीत बसला होता आणि त्याचा प्रत्येक घोट जिवंत साथीदारांच्या कानात गटकन वाजत होता. प्रतिपक्षाने तक्रार केली की हा संकेत आहे. एक घोट म्हणजे एक शत्रू. भाच्याचे म्हणणे, घोट म्हणजे वाणी नव्हे. मार्शलने, म्हणजे मैदानावरच्या पंचाने, दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला की मृताने चहा प्यायचा असेल तर पट्टी सोडून प्यावा. पट्टी सुटायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मृतांना पुन्हा जिवंत करण्याची शिटी झाली आणि चहा बंडूने संपवला.