अगं बाई, हे तर फोटोसारखं दिसतच नाही!

ऐकलंत का? गोव्यातल्या पर्रा गावाने चक्क रस्त्याचा फोटो काढायला पैसे लावले होते! होय होय, रस्त्याचा. देऊळ नाही, राजवाडा नाही, धबधबा नाही. सरळसोट डांबरी रस्ता, दोन्ही अंगांना माड, पलीकडे शेतं. म्हापशाजवळचं हे गाव. पर्रीकर हे आडनाव ज्या गावावरून आलं, तेच. २०१९ साली तिथल्या पंचायतीने 'स्वच्छता कर' या गोंडस नावाखाली दर ठरवला: फोटोला १०० रुपये, व्हिडिओला ५००. मग व्हायची ती बोंबाबोंब झाली आणि कर मागे घ्यावा लागला. पण त्या दरपत्रकातली खरी गंमत कुणाच्या लक्षातच आली नाही. नुसतं उभं राहून रस्ता बघायला एक दमडीही लागत नव्हती. आणि नेमकं तेवढंच कुणी करत नव्हतं!

आता म्हणाल, कोकणात माड काय कमी आहेत? वेंगुर्ल्याला जा, गुहागरला जा, माडांना तोटा नाही. पण त्या माडांखालून शाहरुख आणि आलिया गेले नाहीत ना! पर्ऱ्याचा रस्ता २०१६ च्या 'डिअर जिंदगी'वाला म्हणून ओळखला जातो आणि तेव्हापासून तो रस्ता राहिलाच नाही, सेट झाला. लग्नाआधीच्या फोटोशूटसाठी भर रस्त्यात गाडी थांबते. दार उघडून आधी घेरदार झगा उतरतो, मागाहून त्याच्या आतली मुलगी. मुलगा डांबरावर मांडी घालून बसतो. गावातला एखादा बिचारा मासळी घेऊन स्कूटरवरून येतो आणि खोळंबतो. 'काका, दोन मिनिटं हं, फ्रेममध्ये येताय!' म्हणजे काका जन्मल्यापासून ज्या रस्त्यावरून जातात, तिथे आता काकांचीच अडचण!

आणि फोटोग्राफर म्हणजे तर काय विचारूच नका. 'सर, सहज बघा मॅडमकडे. असं नाही, सहज! जरा हनुवटी वर, डावा खांदा खाली, उजवा हात खिशात, अंगठा बाहेर... हां, आता कॅन्डिड हसा!' लग्नाआधी दोन महिने ज्यांनी एकमेकांकडे धड बघितलेलं नाही, त्यांना एकमेकांकडे कसं बघायचं हे तिसराच माणूस शिकवतोय, आणि तेही तासाच्या दराने. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात निदान फुकट तरी बघायला मिळायचं हो!

पणजीच्या फोंतायन्यात याच्या पुढची पायरी. लाल, पिवळी, निळी घरं, कौलं, छोट्या बाल्कन्या. घरं जितीजागती, आत माणसं राहतात, दुपारी झोपतात, दोरीवर बनियन वाळत घालतात. आणि बाहेर कोणीतरी त्यांच्याच पायरीवर बसून, त्यांच्याच दाराला टेकून विरहात बुडालेलं! शेवटी रहिवाशांनी वैतागून 'फोटो काढू नका'च्या पाट्या लावल्या. पाट्यांचा मक्ता आजवर पुण्याकडे होता, तोही गेला. आणि पुढे काय झालं असेल ते ओळखा. पाटीसुद्धा इतकी देखणी की तिचेही फोटो निघू लागले.

बरं, हे खूळ कालचं नाही. वागातोरच्या डोक्यावर शापोऱ्याचा किल्ला आहे. १७१७ मध्ये पोर्तुगीजांनी तो आजच्या रूपात बांधला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला, दोनेक वर्षांत तो परत पोर्तुगीजांकडे गेला. एवढा इतिहास पचवून किल्ला जांभ्या दगडाचं तोंड करून गप्प बसला होता. २००१ साली 'दिल चाहता है'मधले तिघे मित्र त्याच्या तटावर समुद्राकडे तोंड करून बसले, गप्पा मारल्या, उठले. संपलं. तेव्हापासून किल्ल्याचं नावच 'दिल चाहता है फोर्ट'! आता तिथे तिघांचे गट येतात, तटावर बसतात, पाठ कॅमेऱ्याला, तोंड समुद्राला. सिनेमातले तिघे निदान समुद्र बघत होते. आपल्या तिघांचं तोंड समुद्राकडे असलं तरी कान मागे असतात: 'आला का रे नीट?' समोर अख्खा अरबी समुद्र पसरलाय आणि तो कसा आहे हे नंतर मोबाइलवर मोठा करून बघायचं!

लडाखची कथा तर कानांवर हात ठेवावेत अशी. पँगाँग सरोवर १४,००० फुटांवर, १३० किलोमीटरहून लांब, खाऱ्या पाण्याचं, घटकेघटकेला निळ्याच्या छटा बदलणारं. त्याचं एक टोक आपल्याकडे, बाकीचं पार तिबेटात गेलेलं. २००९ च्या 'थ्री इडियट्स'च्या शेवटी करीना नवरीच्या वेशात पिवळी स्कूटर घेऊन त्या काठावर येते. झालं! आता काठावर पिवळ्या स्कूटरी उभ्या असतात. पोस्टरवरची ती तीन ढुंगणाच्या आकाराची स्टुलंही असतात. पैसे द्या, बसा, फोटो काढा, उठा, पुढचा! एवढं मोठं सरोवर, पण रांग दहा फुटांच्या तुकड्यावर. विरळ हवेत धापा टाकत, डोकं धरून, दोन दिवसांचा प्रवास करून माणूस तिथे पोचतो आणि प्लास्टिकच्या ढुंगणावर बसून परत येतो. घरी सांगतो, 'पँगाँग पाहिलं!'

त्याच सिनेमातली शाळा शे गावात आहे. खरी शाळा, खरी मुलं, खऱ्या परीक्षा. पण पर्यटकांच्या लेखी ती 'रँचोची शाळा'. ज्या भिंतीवर सिनेमात लघवी करणाऱ्या चतुर या पात्राला एका पोराने विजेचा झटका दिला, तिच्यापुढे मोठमोठी माणसं तशाच पोझमध्ये उभी राहू लागली. वर्गात भूगोल चाललाय आणि खिडकीबाहेर एखादा साहेब भिंतीकडे तोंड करून पँटला हात घालून हसतोय! २०१८ साली शाळेने कंटाळून ती भिंतच हलवायचं आणि पर्यटकांना बाहेर ठेवायचं ठरवलं. शाळेने भिंतीला दाखला देण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

आणि आपण तरी कुठे मागे? 'सैराट' आला २०१६ च्या एप्रिलमध्ये. करमाळा तालुका म्हणजे ऊस, केळी, उजनीचं पाणी आणि बाकी सगळं ऊन. पण आर्ची-परश्या ज्या वाळक्या झाडावर बसले, त्या झाडाखाली गावोगावची पोरं गाड्या घेऊन हजर. सावली नाही, फळ नाही, पान नाही. शेतकऱ्याने एरवी चुलीला तोडलं असतं ते खोड देवस्थान झालं. वाटेतली हिरवीगार आंब्याची झाडं बघत राहिली असतील, 'आमचं काय चुकलं?' म्हणून.

इथे वडीलधारी मंडळी खाकरतील. 'आजकालची पोरं! आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.' नव्हतं? आजोबा, तुमच्या देव्हाऱ्याच्या वरची ती तसबीर जरा बघा. कमळात उभी लक्ष्मी, चार हात, मागे हत्ती, अंगावर ठसठशीत साडी. ही लक्ष्मी आली कुठून? वैकुंठातून नव्हे, गिरगावातून! राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये तिथे छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर, आणि दगडावरून रंगारंगाने छापून निघणाऱ्या आपल्या देव्या. त्याआधी घरोघरी देव म्हणजे चांदीचा टाक, शेंदूर लावलेला तांदळा, शाळिग्राम. नाक-डोळे भक्ताने मनाने लावायचे. छापखान्याने ते काम हातातून काढून घेतलं. आता डोळे मिटून लक्ष्मी आठवा बरं! आठवली ती मळवलीचीच की नाही?

तुकोबांचं तेच. 'संत तुकाराम' १९३६ साली प्रभातने काढला, दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. नाटकांत स्त्रीभूमिका गाजवलेला हा नट पडद्यावर असा काही तुकाराम झाला की चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. तुकोबा सतराव्या शतकातले, पागनीस विसाव्या. पण बाजारातल्या कितीतरी तसबिरींत वीणा घेऊन जे उभे असतात ते पागनीसच. उद्या खरे तुकोबा देहूहून चालत आले, तर आपण म्हणू, 'कोण हो तुम्ही? चेहरा काही जुळत नाही!' तेव्हा आजोबा, पिवळ्या स्कूटरला हसण्याआधी थोडं थांबा.

आणि इंग्रज! सौंदर्यदृष्टी वगैरेचे मक्तेदार. अठराव्या शतकात त्यांच्यात फिरायला जायची टूम निघाली. खिशात एक छोटा, काळसर, फुगीर आरसा. सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या नावाने त्याला 'क्लोद आरसा' म्हणत, कारण त्यात डोंगर-तळं त्याच्या चित्रासारखं तांबूस-मवाळ दिसे. वापरायची पद्धत काय? निसर्गाकडे पाठ फिरवायची आणि आरशात बघायचं! म्हणजे सेल्फीच, फक्त बॅटरी नसलेला. टॉमस ग्रे नावाचा थोर कवी १७६९ साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा धरून चालता चालता चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची पेरं फुटली, आरसा मात्र हातात शाबूत, आणि पठ्ठ्याने तरीही तिथेच थांबून सूर्यास्तही बघून घेतला. दुसरे विल्यम गिल्पिन. त्यांनी 'चित्रासारखं' दिसण्याचे नियमच लिहिले आणि टिंटर्नच्या मठाचे अवशेष पाहून सुचवलं की हातोडीचे चार बेताचे ठोके घातले तर ही भिंत आणखी सुरेख पडकी दिसेल. पडक्या भिंतीचासुद्धा मेकअप!

आज जगभर या खुळावर औषधं शोधणं चाललंय. स्वित्झर्लंडच्या इझेल्टवाल्ड या चिमुकल्या गावात तळ्याकाठी एक लाकडी धक्का आहे. एका कोरियन मालिकेचा नायक तिथे पियानो वाजवून गेला. गावाने धक्क्यावर फिरतं दार बसवलं, पाच फ्रँक टाका आणि आत जा. जपानमध्ये फुजी पर्वत एका किराणा दुकानाच्या छपरावर बसल्यासारखा दिसतो, म्हणून तिथे इतकी झुंबड उडाली की २०२४ च्या मे महिन्यात गावाने अडीच मीटर उंच काळी जाळी उभारली. फुजी झाकण्यासाठी जाळी! लोकांनी तिला भोकं पाडली आणि भोकातून फोटो काढले. खरं सांगा, आपल्याकडचीच माणसं गेली असतील असा संशय आला की नाही?

हसून झालं असेल तर एक टोचणारी गोष्ट सांगते. आपण जागा बघायला जातच नाही. चित्र डोळ्यांत आधीच पक्कं बसलेलं असतं. जागा त्याबरहुकूम आहे की नाही, एवढं तपासायला आपण जातो. जुळली तर 'वाव', नाही जुळली तर जागेला तीन तारे. कासच्या पठारावर सप्टेंबरात कितीतरी माणसं तोंड पाडून उतरतात, कारण फोटोतला तो जांभळा गालिचा त्या दिवशी धुक्यात असतो किंवा अजून आलेलाच नसतो. पायाशी बोटभर उंचीचं एखादं किडेखाऊ रोपटं पानांवरच्या चिकट थेंबांत किडा धरून बसलेलं असतं. ते कुणी पोस्टरवर छापलं नाही, म्हणून ते दिसतही नाही. चित्राने एक चौकट दाखवली की चौकटीबाहेरचं सगळं आंधळं होतं, आणि ही खोट कॅमेऱ्याची नाही. तो बिचारा जिकडे वळवाल तिकडे वळतो.

यावर आपल्या नगरसेवकांनी मात्र जालीम तोडगा काढला आहे. जागेचं झंझटच नको! चौकात 'आय लव्ह अमुकतमुक' अशी लाल बदामवाली अक्षरं उभी करायची, दिवे सोडायचे, खाली स्वतःचं नाव घालायचं. झाला सेल्फी पॉइंट. तालुक्याच्या गावांनासुद्धा आता स्वतःवर इंग्रजीतून प्रेम आहे. दादरच्या शिवाजी पार्कात तर २०१७ च्या पालिका निवडणुकीनंतर सेल्फी पॉइंटवरून मनसे, शिवसेना आणि भाजप अशी तिरंगी रस्सीखेच रंगली. पाणी, खड्डे, कचरा यांचं श्रेय घ्यायला कुणी पुढे येत नाही. पण फोटो काढायच्या जागेला तीन-तीन दावेदार! आणि त्या अक्षरांच्या मागे बघण्यासारखं काय असतं? बस डेपो, पानाची टपरी, अर्धवट गटार. पण त्याने कुणाचंही अडत नाही. रांग लागते, केस सावरले जातात, फोटो निघतो, माणसं खूश होऊन जातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक अशी जागा सापडली आहे, जी अगदी फोटोसारखी दिसते. का दिसणार नाही? फोटोत आपल्याशिवाय दुसरं काही नसतंच मुळी!