पोट्टं शायेत जाते का खेयाले?

जून लागला की अचलपूर-परतवाड्यात दोन गोष्टींची वाट पाहणं सुरू होतं. एक पाऊस आणि दुसरा नर्सरीतल्या पोरांचा पहिला होमवर्क. पाऊस लांबला तर माणसं आभाळाकडे बघून गप्प बसतात. होमवर्क लांबला की मात्र शाळेच्या फाटकाशी गर्दी होते.

‘‘मॅडम, महिना झाला. पोट्टं अजून एबीसीडी नाही लिहित. शायेत येते का खेयाले येते?’’ असं एक आबाजी विचारत होते.

‘‘खेळायलाच येतो, आबाजी.’’

‘‘मंग फी कायची घेता?’’

प्रश्न बिनतोड होता. मॅडम हसल्या आणि विषय पुढल्या महिन्यावर गेला. माझ्या मते खरं उत्तर असं की, फी त्यांच्या गप्प बसण्याची असते. चार वर्षांचं पोरगं मातीच्या ढिगाला किल्ला म्हणत असताना ‘‘अरे, किल्ला असा नसतो’’ हे वाक्य गिळून बसणं सोपं नाही. आपल्यापैकी फार थोड्यांना ते फुकटात जमतं.

लहान पोरं खेळातूनच शिकतात, हे सरकारनं आता कागदावर मान्य केलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षांचा टप्पा पायाभूत ठरला. 2023 च्या फेब्रुवारीत दिल्लीहून ‘जादुई पिटारा’ निघाला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या असं सगळं आहे. चांगलंच झालं. फक्त वऱ्हाडातल्या बायांकडे पिटारा आधीपासूनच होता. त्याला त्या स्टीलचा डबा म्हणायच्या.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत राहते. संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात. त्यांच्या मागे लोंबकळत लहान भाऊही असतात, गाण्यासाठी नव्हे, खाऊसाठी. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते आणि परीक्षा सुरू होते. पोरींचे प्रश्न ठरलेले असतात. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? वाजते का? मग डबा कानाशी नेऊन हलवायचा. फुटाणे खळखळतात, चिवडा सळसळतो, लाडू धबधब करत कडेला आपटतो. हुशार बाई करंज्या फडक्यात गुंडाळून ठेवते, म्हणजे आवाजच नको. मग पोरी डब्याचं वजन जोखतात, वास घेतात आणि आज त्या घरात काय आणलं गेलं याची गल्लीतून माहिती काढतात. एखादी चिमुरडी रोज, प्रत्येक घरी, ‘‘शिरा!’’ एवढंच ओरडते. एखाद्या दिवशी खरंच शिरा निघतो आणि त्या दिवसापासून ती स्वतःला पंडिता समजू लागते.

नीट ऐकणं, पदार्थांची वर्गवारी करणं, एकेक शक्यता खोडत जाणं, चुकलं की नवा अंदाज बांधणं, हे सगळं यात आलं. प्रयोगशाळेत तरी वेगळं काय चालतं? शिवाय या परीक्षेत नापास होणाऱ्यालाही खाऊ तेवढाच मिळतो. माझ्या माहितीत इतका उदार परीक्षक दुसरा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल ओढत पोरं दारोदार जातात आणि बोजारा गोळा करतात. त्या पैशांच्या वाटणीवरून जे भांडण होतं, ते अंकगणितच.

आणि धांडे! ज्वारीच्या वाळल्या धांड्याची साल काढायची, आतला पांढरा गर तुकडे करून घ्यायचा, सालीच्या काड्या गरात खोचायच्या. गाडी, खाट, चष्मा, काय पाहिजे ते तयार. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या गृहस्थांनी 1837 साली लहान मुलांसाठी संस्था काढली. पुढे तिलाच किंडरगार्टन म्हणू लागले. तिथल्या उद्योगांत भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकार उभे करणं हाही एक होता. त्यांचा वाटाणा आणि आमचा धांडा यांत फरक एवढाच की, धांड्यावर कोणी ग्रंथ लिहिला नाही. उरलेला धांडा बैल खाऊन टाकायचा, त्यामुळे पुरावाही राहिला नाही.

ग्रंथ लिहिणारी बाई मात्र आमच्या जिल्ह्यात नांदून गेली, हे इथं फारसं कुणाला ठाऊक नसतं. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीला आल्या. नवरा वकील. ते लग्न 1921 मध्ये मोडलं. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिराच्या कामात गेल्या. तिकडे गिजुभाईंना ‘मिशाळ आई’ म्हणत. तेही मूळचे वकीलच. (वकिली सोडल्यावर माणूस लहान मुलांकडे वळतो, यावर कुणीतरी संशोधन करावं.) 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, तिथं अनुताई वाघ आल्या आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मॉंटेसरीबाईंची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? मग शिंपले, खडे, पानं, बिया चालवल्या. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. पोरं गुरांमागे गेली तर शाळा कुरणात. तीच अंगणवाडी 1975 नंतर सरकारी योजनेतून देशभर गेली आणि आज मेळघाटच्या पाड्यांतही भरते.

अडचण साधनांची कधीच नव्हती, अडचण आपल्या जिभेची आहे. शिक्षण खेळातून होतं हे कळल्यापासून आपल्याला प्रत्येक खेळातून ते काढून घ्यायची घाई झाली आहे. परवा एका अंगणात एक पोरगं धांड्यांच्या गाडीला चाक बसवत होतं. जीभ बाहेर, डोळे बारीक. तेवढ्यात वडील वाकले आणि म्हणाले, ‘‘बेटा, चाकाचा शेप कोणता? इंग्लिशमध्ये सांग.’’ पोरानं ‘‘सर्कल’’ सांगितलं, शाबासकी घेतली आणि गाडी तिथंच टाकून आत टीव्हीसमोर जाऊन बसलं. वडील खूश. चाक अर्धंच राहिलं.

तेव्हा वाचकहो, यंदा भुलाबाई बसली की आपल्या दारी पोरींना बोलवा. डबा त्यांच्या हाती द्या, पाहिजे तेवढा हलवू द्या. आणि आत काय आहे हे तोंडावर आलं तरी कृपा करून सांगू नका.